इंजिनच्या झाकणाचा रंग पालटताना

यंत्राला दिलेला रंग केवळ शोभेसाठी असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. लोखंडी पूल असो, बंदरातले जहाज असो किंवा आगगाडीचा डबा असो, त्यावरचा रंग हा धातू आणि हवा ह्यांच्यामधला पडदा असतो. पडदा अखंड आहे तोवर धातू सुरक्षित राहतो; पडदा फाटला की हवेतील ओल आणि क्षार आपले काम सुरू करतात. हा पडदा धातूला चिकटतो कसा, तो टिकतो का आणि सुटतो का, हे समजून घ्यायचे असेल तर एखादी लहानशी वस्तू नमुन्यादाखल घेणे सोयीचे ठरते. मोटारसायकलच्या इंजिनचे झाकण ही अशीच एक वस्तू आहे. वीतभर लांबीच्या ह्या भागाला उष्णता, तेल, पेट्रोल, पाऊस, चिखल आणि चाकाखालून उडणारी खडी ह्या सर्वांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. शिवाय त्याच्या आतल्या बाजूस इंजिनचे तेल खेळत असते. म्हणून रंगकामात झालेली हयगय केवळ बाहेरून दिसून थांबत नाही. प्रसंगी ती इंजिनच्या अंतर्भागापर्यंत पोचते.

उदाहरणासाठी आपण भारतात सर्वांच्या परिचयाची असलेली बुलेट ही मोटारसायकल घेऊ. रॉयल एनफील्ड ह्या इंग्लंडमधील कंपनीच्या ह्या गाडीची जुळणी १९५५ साली मद्रास येथे सुरू झाली आणि पुढे तिचे सर्व भाग येथेच तयार होऊ लागले. जुन्या बांधणीच्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा असे. पण इंजिनची दोन्ही बाजूंची झाकणे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असत आणि त्यांना आरशासारखी झिलई दिलेली असे. ही झिलई काही वर्षांनी मंदावते, तिच्यावर पांढुरके डाग पडतात आणि मग मालकाच्या मनात झाकणे काळी करून घ्यावीत असा विचार येतो. अलीकडे अनेक कंपन्या कारखान्यातूनच काळी इंजिने देऊ लागल्यामुळे हा विचार अधिकच बळावला आहे.

धातूचा स्वभाव

ॲल्युमिनियम गंजत नाही असे म्हटले जाते. वस्तुतः तो लोखंडापेक्षाही तत्परतेने प्राणवायूशी संयोग पावतो. घासून स्वच्छ केलेला ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग हवेत येताच त्यावर ऑक्साइडचे अत्यंत पातळ कवच तयार होते. त्याची जाडी मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही कमी असते. पण ते घट्ट आणि सलग असल्यामुळे खालच्या धातूला झाकून ठेवते. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, तो गळून पडतो आणि नवा धातू उघडा करतो. ॲल्युमिनियमचे कवच तसे करीत नाही. मात्र मीठ असलेली ओल, तीव्र आम्ल किंवा तीव्र क्षार ह्यांच्यापुढे हे कवच टिकत नाही. समुद्रकाठच्या गावांत झाकणांवर पांढरी भुकटी धरते, त्याचे कारण हेच.

हे कवच धातूचे रक्षण करते, पण रंगाऱ्याच्या कामात अडथळा आणते. लोखंडाच्या खरखरीत पृष्ठभागावर रंग सहज बसतो. झिलई दिलेल्या ॲल्युमिनियमवर त्याला पकड मिळत नाही. अशा झाकणावर नुसता रंग फासला, तर पहिले काही आठवडे तो उत्तम दिसतो. पुढे खडीचा एखादा टवका उडतो, त्या जागेतून ओल आत शिरते आणि रंगाचे पोपडे नखाने काढता येतील इतके सुटू लागतात. दोष रंगाचा नसतो. तो ज्यावर उभा आहे त्या पायाचा असतो.

येथे एक प्रश्न विचारला जातो. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना व फर्निचरच्या नळ्यांना विद्युत्क्रियेने रंगीत करता येते. मग झाकणांना तशीच प्रक्रिया का करू नये? ह्या प्रक्रियेस ॲनोडायझिंग म्हणतात. तिच्यात ऑक्साइडचे कवच मुद्दाम जाड केले जाते आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवला जातो. पण साच्यात ओतलेल्या भागांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे प्रमाण बरेच असते, कारण त्यामुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यांत सुरळीत पसरतो. सिलिकॉनच्या कणांवर हे कवच नीट धरत नाही. परिणामी ओतीव झाकण राखाडी आणि डागाळलेले निघते. म्हणून अशा भागांसाठी रंग हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

काळे झाकण अधिक तापते काय?

काळा रंग उष्णता शोषतो, तेव्हा काळे इंजिन अधिक तापेल, अशी शंका अनेकांना येते. थोडा हिशेब केला तर ह्या शंकेचे निरसन होते.

तापलेली वस्तू किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. ही उष्णता किती असेल, हे वस्तूच्या तापमानावर आणि तिच्या पृष्ठभागाच्या प्रकारावर अवलंबून असते. झिलई दिलेले ॲल्युमिनियम ह्या बाबतीत फार कंजूष आहे. आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत ते सुमारे ५ टक्केच किरण सोडते. रंगवलेला पृष्ठभाग सुमारे ९० टक्के सोडतो. ह्यात नवल असे की, रंग काळा असो वा पांढरा, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास निघणाऱ्या अदृश्य किरणांच्या बाबतीत दोहोंत फारसा फरक नसतो. महत्त्व रंगाच्या छटेला नाही, रंगाच्या थराला आहे.

आता असे समजू या की झाकणाचे तापमान १०० अंश, भोवतालच्या हवेचे ३० अंश आणि झाकणाचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर आहे. झिलईचे झाकण किरणांवाटे दीड वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकील, तर रंगवलेले झाकण सुमारे २८ वॅट. म्हणजे रंगवल्याने फायदाच झाला, परंतु तो जेमतेम एका लहान विजेच्या दिव्याइतका. जुन्या ३५० सीसी बुलेटची कमाल शक्ती १८ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १३ किलोवॅट असे. आणि पेट्रोल इंजिनातून वाया जाणारी उष्णता त्याच्या मिळणाऱ्या कामाच्या दुपटीहून अधिक असते. ह्या प्रचंड आकड्यापुढे २५-२६ वॅटचा लाभ नगण्य होय. चालत्या गाडीचे इंजिन थंड होते ते मुख्यतः वाहत्या हवेमुळे आणि तेलामुळे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे काळे झाकण हाताला अधिक चटका देईल, एवढे मात्र खरे.

रंगाचा थर उष्णतेला अडवतो, ही दुसरी शंकाही तितकीच फोल आहे. ६० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभरांश भागांपैकी सहा भाग जाडीचा थर झाकणाच्या तापमानात एखाद्या अंशाहून अधिक फरक करीत नाही. मात्र सिलिंडरच्या पात्यांमध्ये रंगाचे जाड ओघळ साचू देऊ नयेत. तेथे हवेची वाट मोकळी राहणे आवश्यक असते.

रंगाची निवड

बाजारात उच्च तापमानाचा म्हणून जो रंग मिळतो, तो इंजिनसाठी सर्वांत चांगला असणार, असे वरकरणी वाटते. येथेच पुष्कळांची फसगत होते. धुराड्याच्या नळीसाठी केलेले रंग सिलिकोन रेझिनवर आधारलेले असतात. ते कित्येक शे अंशांची उष्णता सोसतात हे खरे. पण ते पूर्णपणे पक्के होण्यासाठी त्यांना एकदा सुमारे २०० अंशांपर्यंत तापवावे लागते. धुराड्याची नळी हे तापमान आपोआप गाठते. इंजिनचे झाकण मात्र आतल्या तेलाइतकेच, म्हणजे साधारण १०० अंशांच्या आसपास तापते. त्यामुळे झाकणावर दिलेला असा रंग वर्षानुवर्षे अर्धा कच्चाच राहतो आणि त्यावर पेट्रोलचा थेंब सांडला की मऊ पडतो. रंग निवडताना तो किती उष्णता सोसेल हे जसे पाहावे, तसेच त्याला पक्के होण्यास किती उष्णता लागते हेही पाहावे.

घरांच्या दारांना देतात तो साधा एनॅमल पेट्रोलपुढे टिकत नाही. दोन घटक मिसळून वापरावयाचे इपॉक्सी व पॉलियुरेथेन रंग झाकणासाठी योग्य ठरतात. कारण ते उष्णतेने नव्हे, तर रासायनिक क्रियेने पक्के होतात. इपॉक्सीची पकड उत्तम असते, पण उन्हाने त्याच्यावर खडूसारखी भुकटी येते. पॉलियुरेथेन ऊन चांगले सोसते. म्हणून खाली इपॉक्सीचे अस्तर आणि वर पॉलियुरेथेन, ही जोडी सर्वांत भरवशाची.

तिसरा मार्ग पावडर कोटिंगचा. ह्यात रंगाची कोरडी भुकटी विद्युद्भाराच्या साहाय्याने धातूवर बसवून भट्टीत १८० ते २०० अंशांवर वितळवतात. थर कणखर होतो; पण भट्टीत जाण्यापूर्वी झाकणातील तेलाच्या रबरी सीलांसह प्रत्येक जोडभाग काढलाच पाहिजे, नाहीतर ते जळून निकामी होतात. ज्या झाकणांत बुश घट्ट ठोकून बसवलेले असतात, ती भट्टीत देण्यापूर्वी जाणत्या कारागिराचा सल्ला घ्यावा.

झाकण उतरवणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तेल काढून घ्यावे. जुन्या बुलेटच्या डाव्या बाजूचे, प्रायमरी चेनवरचे झाकण मधोमध असलेल्या एका मोठ्या नटावर बसवलेले असते. ते काढताना आतले तेल खाली सांडते, म्हणून परात आधीच ठेवावी. उजवीकडचे टायमिंगचे झाकण अनेक स्क्रूंनी बसवलेले असते आणि हे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर धातूला तडा जातो. आखूड स्क्रू लांब भोकात बसवला तर आटे जातात. ह्यावर एक सोपा उपाय आहे. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढावी, भोकांच्या जागी छिद्रे पाडावीत आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवावा.

पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम ह्यांच्यामध्ये ओल शिरली की तेथे विद्युत्-रासायनिक क्रिया होऊन स्क्रू अडकून बसतात. अशा वेळी जोर करू नये. मुरणारे तेल सोडून रात्रभर थांबावे, आणि मग ठोक्यावर फिरणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांना हलवावे. झाकण स्क्रू निघूनही सुटत नसेल तर लाकडी किंवा रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत. दोन भागांच्या सांध्यात पेचकस घालून उचकटणे हा तर अपराधच समजावा. त्या एका ओरखड्यातून पुढे आयुष्यभर तेल झिरपत राहते.

पाया तयार करणे

रंगाऱ्यांच्या कामाचा तीनचतुर्थांश भाग रंग उघडण्यापूर्वीच संपलेला असतो. प्रथम रॉकेलने तेलकटपणा काढावा, नंतर साबणाच्या गरम पाण्याने झाकण धुवावे आणि शेवटी थिनरने पुसावे. स्वच्छता पुरेशी झाली की नाही हे पाण्यानेच कळते. झाकणावर स्वच्छ पाणी ओतावे. त्याचा सलग पापुद्रा पसरला तर धातू स्वच्छ आहे. पाण्याचे थेंब गोळा होऊन सुटे झाले तर तेल अजून शिल्लक आहे.

जुना रंग किंवा कारखान्यातले पारदर्शक रोगण काढण्यासाठी कॉस्टिक सोडा कधीही वापरू नये. तो ॲल्युमिनियमलाच खाऊ लागतो आणि त्या क्रियेतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

त्यानंतर १८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ३२० व ४०० पर्यंत यावे. उद्देश चकाकी आणण्याचा नसून सर्वत्र सारखी, मंद अशी खरखर आणण्याचा आहे. रंगाला धरण्यासाठी ह्याच बारीक ओरखड्यांचा आधार मिळतो.

काही कारखान्यांत हे काम कणांचा मारा करून झटपट उरकतात. येथे सर्वांत मोठा धोका संभवतो. बुलेटच्या टायमिंगच्या झाकणातून तेलाच्या वाटा गेलेल्या असतात, आणि त्यांतूनच क्रँकच्या बेअरिंगला तेल मिळते. माऱ्याचे चार कण जरी ह्या वाटांत अडकून राहिले, तरी इंजिन सुरू होताच ते तेलाबरोबर बेअरिंगमध्ये पोचतात आणि थोड्याच अंतरात त्याचा नाश करतात. झाकण दिसावयास नवे आणि इंजिन मात्र खोलावयास आलेले, अशी अवस्था होते. म्हणून मारा करावयाचाच असेल तर प्रत्येक वाट आधी बुचाने बंद करावी आणि नंतर दाबाच्या हवेने व रॉकेलने पुनःपुन्हा धुवावी.

सांध्याचा सपाट पृष्ठभाग, बेअरिंगची व बुशांची भोके आणि आटे ह्यांवर कागदी चिकटपट्टी लावावी. सांध्यावर रंग गेला तर गॅसकेट नीट बसत नाही. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली रंगाचा थर हळूहळू दबत जातो, स्क्रू सैल पडतात आणि तेल गळू लागते. गाडीच्या नोंदणीत असलेला इंजिन क्रमांक इंजिनच्या ज्या भागावर कोरलेला असतो, तेथे घासकाम करू नये आणि रंगाच्या जाड थराने अक्षरे बुजवू नयेत.

रंगाचे हात

घासून झाल्यावर त्याच दिवशी अस्तर द्यावे. ॲल्युमिनियमसाठी धातूला किंचित खाऊन पकड घेणारे, फॉस्फोरिक आम्लयुक्त अस्तर मिळते. ते अगदी पातळ, खालचा धातू किंचित दिसेल इतकेच असावे. ह्या आम्लयुक्त अस्तरावर पॉलिएस्टरची लांबी भरू नये, ती सुटते. तसेच त्यावर द्यावयाचा पुढचा थर त्याच्याशी जुळणारा आहे की नाही हे डब्यावरील सूचनेत पाहून घ्यावे. इपॉक्सीचे अस्तर सरळ घासलेल्या धातूवरही देता येते.

फवारा झाकणापासून सुमारे २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर धरावा. तो झाकणाच्या कडेबाहेर सुरू करून दुसऱ्या कडेबाहेर थांबवावा. मध्येच थांबल्यास तेथे ओघळ येतो. एकच जाड हात देण्याऐवजी दोन किंवा तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर १० ते १५ मिनिटे जाऊ द्यावीत. फार दुरून फवारल्यास थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग नारिंगाच्या सालीसारखा होतो.

आपल्या देशात हवामानाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यात व समुद्रकाठी हवेत ओल फार असते. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि काळ्या रंगावर दुधाळ छटा चढते. म्हणून हे काम कोरड्या दिवशी, ऊन वर आल्यावर करावे. स्पर्शाला रंग वाळला म्हणजे तो पक्का झाला असे नव्हे. दोन घटकांच्या रंगांना पूर्ण ताकद येण्यास साधारण आठवडा लागतो. तोवर पेट्रोल लागू देऊ नये.

पुन्हा जोडणी

जुने गॅसकेट पुन्हा वापरणे ही खोटी काटकसर आहे. नवे गॅसकेट बसवून स्क्रू आधी हाताने पिळावेत, आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. एका बाजूने आवळत गेल्यास झाकण वाकते. तेल भरून इंजिन काही मिनिटे चालू द्यावे व सांध्याभोवती कोरडे फडके फिरवून पाहावे. इंजिन थंड झाल्यावर स्क्रू पुन्हा एकदा तपासावेत.

काम करणाऱ्याचे शरीर

यंत्राचा विचार करताना माणसाचा विसर पडू नये. पॉलियुरेथेनच्या घट्टक द्रवात आयसोसायनेट ही द्रव्ये असतात. त्यांचा फवारा श्वासात गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा जडल्यावर अत्यल्प मात्रेनेही त्रास होतो. नाकावर बांधलेला रुमाल ह्या वाफांना अडवू शकत नाही. त्यासाठी योग्य मुखवटा आणि खेळती हवा हवी. कोरड्या वाळूचा मारा तर त्याहून भयंकर. त्या धुळीने फुप्फुसांना सिलिकोसिस होतो, आणि त्यावर औषध नाही. जुन्या पद्धतीच्या काही अस्तरांत क्रोमेट असते. ते कर्करोगास कारणीभूत ठरते, म्हणून क्रोमेटविरहित अस्तर मागून घ्यावे. आपले झाकण स्वस्तात रंगवून देणारा कारागीर ते कोणत्या परिस्थितीत रंगवतो, हे ग्राहकानेही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. काही रुपये वाचले म्हणून काम स्वस्त पडले असे होत नाही. त्याची उरलेली किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी श्वासातून वसूल होत असते.

रंग पालटावा की नाही?

झिलईच्या झाकणाला महिन्यातून एकदा पॉलिशचा हात फिरवावा लागतो. पण ओरखडा पडला तर तो घासून काढता येतो आणि धातू पुन्हा चकाकतो. रंगवलेल्या झाकणाला रोजची निगा कमी लागते. पण टवका उडाला तर तो तसाच सोडून चालत नाही. तेथे लगेच घासून, अस्तर देऊन रंग भरावा, अन्यथा ओल थराखालून पसरत जाते. हाताने घासून रंगवलेले झाकण पुढे मन पालटल्यास रंग काढून पुन्हा झिलईवर आणता येते. कणांचा मारा केलेल्या झाकणाला मात्र पूर्वीची चकाकी आणण्यास फार मेहनत पडते. जी गाडी जुनी असून मूळ स्वरूपात जपलेली आहे, तिच्या बाबतीत हा विचार आधी करावा. आणि जी रोज पावसापाण्यात, खाऱ्या हवेत धावते, तिला नीट दिलेला रंग हे उत्तम कवच होय.

लहानशा झाकणाच्या ह्या उदाहरणावरून मोठ्या कामांनाही लागू पडणारे तीन नियम हाती येतात. रंग जितका चांगला, त्याहून त्याखालचा पृष्ठभाग चांगला असावा. रंगाची निवड त्याच्या नावावरून नव्हे, तर वस्तू प्रत्यक्ष किती तापते, भिजते आणि झिजते ह्यावरून करावी. आणि जेथे रंग द्यावयाचा नाही त्या जागा, जेथे द्यावयाचा आहे त्या जागांइतक्याच काळजीने सांभाळाव्यात. पुलाच्या कमानीला रंग देणारा अभियंता आणि अंगणात बसून झाकण घासणारा गाडीचा मालक, दोघांनाही हे नियम सारखेच बांधलेले आहेत.